कृपया मसणात जावं

माझ्या खोलीत कुणी 'धन्यवाद' म्हटलेलं मला चालत नाही. दारावरच लिहून ठेवलंय, तांबड्या खडूनं. आमच्या सोलिकाम्स्कच्या बर्फमहालात (नाव महाल, पण छप्पर गळकं) खेळणाऱ्या प्रत्येक पोराला हे ठाऊक आहे. स्केटला धार लावणार रिम्मा मावशी, म्हणजे मी. धार झाली की मी म्हणणार, "ना पीस मिळो, ना पंख!" आणि त्यावर तुम्ही म्हणायचं, "जा मसणात!" बस्स. दुसरं काही बोललात तर बर्फावर तोंडघशी पडाल, आणि मग रडत माझ्याकडे येऊ नका.

जुन्या शिकाऱ्यांचं बोलणं आहे हे, म्हणजे एकही पाखरू हाती न लागो. चांगलं चिंतलेलं सैतानाच्या कानावर पडलं तर दृष्ट लागते, म्हणून उलटं चिंतायचं. उत्तरही उलटंच द्यायचं, चांगलं खणखणीत. माझी आजी असंच करायची, कारखान्यात आम्ही बायका असंच करायचो. पंचवीस वर्षं मी तिथं लोखंड घासलं आणि त्यानंतर सतरा वर्षं इथं पाती घासली, पण नियम मोडला नाही.

आणि अशा माझ्यापुढं एक दिवस ही ग्लाशा (कागदोपत्री ग्लाफिरा) येऊन उभी राहिली.

सात वर्षांची होती. काडीसारखे पाय, दोन वेण्या, आणि कान असे लालबुंद की मी म्हटलं, ही खरी आपल्या गावची. आम्हाला सगळे 'खाऱ्या कानाचे' म्हणून चिडवतात ना! आमचे पणजोबा-खापरपणजोबा मिठाची पोती खांद्यावर वाहायचे, त्यांचे कान मिठानं सोलून निघायचे. तिच्याबरोबर तिची आई, लारिसा. लारिसा बालवाडीची बाई. घरात नवरा नाही, आवाज चढवणं नाही. पोरीला तिनं बाकी काही दिलं असेल-नसेल, पण 'जादूचे शब्द' मात्र दुधाबरोबर पाजले होते. कृपया, धन्यवाद, माफ करा.

त्या दिवशी पोरीची पहिली स्पर्धा होती. मी स्केट हातात दिले आणि म्हटलं, "ना पीस मिळो, ना पंख!"

"धन्यवाद, मावशी," ती गोड आवाजात म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं कार्टे! तोंड आवर! 'जा मसणात' म्हण!"

पोरगी घाबरून आईकडे बघायला लागली. लारिसा म्हणाली, "अहो, मोठ्या माणसांना ती असं कसं म्हणेल?"

"तिनं नाही म्हटलं तर मी तुम्हाला म्हणेन," मी म्हटलं. "म्हण गं!"

ग्लाशानं खूप विचार केला. पाय जुळवले, मान किंचित झुकवली आणि म्हणाली, "कृपया मसणात जावं, मावशी."

रांगेतले हॉकीवाले पोरगे जमिनीवर लोळायचे बाकी राहिले. मलासुद्धा हसू आवरेना. त्या दिवशी ती तीनदा पडली, आणि प्रत्येक वेळी उठून बर्फाला 'माफ करा' म्हणाली.

आता खरं सांगते, पोरगी हिरा होती. तिची गुरू इंगा रोबेर्तोव्हना कुणाचं कौतुक करायला गेली तर तिच्या दाताला कळ येते. तीसुद्धा वर्षाच्या आत माझ्याकडे चहा प्यायला आली आणि म्हणाली, "रिम्मा, हिला हवेत वेळ मिळतो गं. बाकीच्यांना मिळत नाही, हिला मिळतो." दहाव्या वर्षी ग्लाशा तीन फेऱ्यांच्या सगळ्या उड्या मारायची. बाराव्या वर्षी, एका सकाळी सात वाजता मैदान रिकामं असताना, तिनं चार फेऱ्या घेतल्या आणि एका पायावर अलगद उतरली. बघायला फक्त मी होते, हातात एका हॉकीवाल्याचं पातं. ते हातातून पडलं.

"पाहिलंत का, मावशी?"

"पाहिलं. पुन्हा कर."

तिनं पुन्हा केलं.

पण आठ वाजले, बाकीच्या मुली बर्फावर आल्या, आणि संपलं. चार फेऱ्यांना लांबलचक धाव लागते, मोकळी वाट लागते. सगळ्या पोरी काय करतात? "वाट!" म्हणून ओरडतात आणि घुसतात. आमची बाई मात्र धाव घेणार, समोर कुणी दिसलं की बाजूला होणार, "तुम्ही आधी" म्हणणार. इंगा कठड्यावर मुठी आपटायची. "वाट माग! ग्लाफिरा, वाट माग! तू काय दुकानात रांगेत उभी आहेस?" पोरगी मान डोलवायची आणि पुढच्या खेपेला पुन्हा बाजूला व्हायची. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं, ते काही उगाच म्हणत नाहीत.

असं एक वर्ष गेलं. ग्लाशा तेरा वर्षांची झाली. मार्चमध्ये पेर्मला प्रांताची स्पर्धा होती आणि तिथं पीटर शहराहून मोठे प्रशिक्षक लेव मार्कोविच येणार होते. त्यांच्या हाताखाली जी मुलगी जाते ती पुढं देशाच्या संघात जाते, हे आमच्या महालातल्या मांजरालाही माहीत आहे. त्यांना एकच मुलगी घ्यायची होती. पुढच्या वर्षी ग्लाशा चौदाची होणार, आणि चौदाच्या मुलीकडे ते ढुंकूनही पाहत नाहीत. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. मग राहा इथंच, आणि पुढं लहान पोरांच्या बुटांच्या नाड्या बांध.

स्पर्धेच्या चार दिवस आधी मी तिच्या स्केटना धार लावली. ताजी धार बर्फाला फार चावते, चार दिवस ती मुरावी लागते. पात्याच्या दोन्ही कडा सारख्या उंचीच्या झाल्यात की नाही ते मी त्यावर एक रुबल आडवा ठेवून बघते. नाणं कलंडलं की काम वाया. त्या दिवशी मला नाणं नीट दिसलंच नाही. दोन्ही डोळ्यांत पडदा आला होता, उजव्यात तर नुसतं धुकं. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली होती आणि मी ती दोनदा पुढं ढकलली होती. शेवटी बोटांनी चाचपून नाणं तपासलं. बरोबर होतं. तरी मनात पाल चुकचुकलीच, म्हणून मी इंगाला म्हटलं, "मीही येते पेर्मला. तिकडच्या धारवाल्यांवर माझा काडीचा विश्वास नाही." हे अर्धं खरं होतं.

पेर्मचा महाल म्हणजे खरंच महाल. ग्लाशा निळ्या पोशाखात कठड्यापाशी उभी होती. लारिसा वर प्रेक्षकांत बसली होती, खाली यायची तिची हिंमत नव्हती. मी पोरीच्या नाड्या ओढून बघितल्या आणि म्हटलं, "ना पीस मिळो, ना पंख."

"धन्यवाद, मावशी," ती पुटपुटली.

सहा वर्षं! सहा वर्षं शिकवलं, आणि आजच्या दिवशी! बोलायला तोंड उघडलं तोवर ती बर्फावर निघूनही गेली.

सरावाला सहा मुली आणि सहा मिनिटं. पेर्मची एक मुलगी होती, डाळिंबी पोशाखातली, सगळ्या गावाची लाडकी. मला आकार दिसत नव्हते, पण रंग दिसत होते. निळा रंग धाव घ्यायचा, डाळिंबी आडवा यायचा, निळा बाजूला व्हायचा. एकदा, दोनदा, तीनदा. समोरच्या टेबलाशी लेव मार्कोविच मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते, हे इंगानं मला सांगितलं. "रिम्मा, एकही उडी झाली नाही तिची. एकही."

ध्वनिक्षेपकावर बाई म्हणाली, "एक मिनिट उरलं."

निळा रंग सरळ माझ्याकडे यायला लागला. कठड्यावर दोन हात आपटले. ग्लाशा होती. श्वास फुललेला, कान बहुतेक लालबुंद.

"मावशी," ती म्हणाली, "मी मघाशी चुकले."

"चुकलीस, कार्टे!"

"जा मसणात!"

अशी ओरडली म्हणता! सगळ्या महालात घुमलं. पहिल्या रांगेतल्या एका बाईच्या हातून थर्मासच्या झाकणातला चहा सांडला. वरून लारिसाचा आवाज आला, "ग्लाशेन्का!" पण तोवर पोरगी वळली होती. आणि मग मी जे ऐकायला सहा वर्षं थांबले होते ते ऐकलं.

"वाट!"

डाळिंबी रंग जागच्या जागी थबकला आणि भिंतीला चिकटला.

"मारली," इंगानं माझा दंड इतका करकचून धरला की आठवडाभर काळानिळा होता. "चार! रिम्मा, चार फेऱ्या! त्यानं मोबाइल खाली ठेवला!"

पण सरावाला गुण नसतात. ग्लाशाची पाळी चौथी होती. संगीत सुरू झालं आणि मी डोळे मिटून घेतले, तसेही ते काय कामाचे होते? मी कान दिले. हजारो पाती मी घासली आहेत, प्रत्येकाचा आवाज मला कळतो. धाव लांबत गेली, खर्र, खर्र, खर्र. मग काहीच नाही. ते 'काहीच नाही' इतका वेळ टिकलं की मला वाटलं, ही उतरायचीच विसरली. आणि मग 'च्चक्क' असा एकच आवाज, आणि त्याच्यामागं लांब, स्वच्छ सुरी ओढल्यासारखी रेघ. दोन्ही कडा सारख्या होत्या. माझी बोटं चुकली नव्हती. मी त्या क्षणीच रडायला लागले, अजून तीन मिनिटं बाकी होती तरी.

ती पहिली आली. डाळिंबीपेक्षा अकरा गुण जास्त.

लेव मार्कोविच आमच्याजवळ आले. बुटका माणूस, गळ्यात मफलर. ग्लाशाकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत म्हणाले, "ही मुलगी तुम्हाला मसणात का धाडत होती?"

"मी शिकवलंय तिला."

"छान शिकवलंय. माझ्याकडच्या मुलींना तेवढंच जमत नाही." मग तिच्याकडे वळले. "काय गं, खाऱ्या कानाची, येतेस पीटरला?"

ग्लाशानं पाय जुळवले. मला वाटलं, आता पुन्हा 'तुम्ही आधी' म्हणते की काय. पण ती म्हणाली, "येते. माझे स्केट मात्र मी कुणालाही देणार नाही. धारवाला आधी मी बघेन." लेव मार्कोविचांनी मफलर सोडून पुन्हा गुंडाळला आणि इंगाला म्हणाले, "रविवारी निघू द्या हिला."

रविवारी बस अड्ड्यावर आम्ही सगळे निघण्याआधी घटकाभर सामानावर बसलो, प्रवास सुखाचा व्हावा म्हणून बसायचंच असतं. लारिसा पहिला आठवडा सोबत जाणार होती. ती पुरचुंडीतल्या मांस भरलेल्या छोट्या पुऱ्या वाटत होती, त्यांचा रस्सा सगळ्यांच्या बाहीवर उडत होता, आणि ती रडत होती. मी ग्लाशाच्या हातात माझं ते नाणं ठेवलं. "पात्यावर आडवं ठेवायचं. कलंडलं तर त्या माणसाला सांगायचं, पुन्हा कर."

"आणि त्यानं नाही केलं तर?"

"तर काय म्हणायचं ते तुला येतं."

ती हसली. बस सुरू झाली, लारिसानं हाका मारल्या. ग्लाशानं माझ्या गळ्यात हात टाकले आणि कानात म्हणाली, "उद्या तुमच्या डोळ्याची शस्त्रक्रिया आहे ना, मावशी? ना पीस मिळो, ना पंख."

कारखाना सुटल्यापासून मला हे कुणी म्हटलंच नव्हतं हो. मीच सगळ्यांना म्हणायची. माझ्या तोंडून निघून गेलं, "धन्यवाद, बाळा."

तिचे डोळे बशीएवढे झाले. "मावशी!"

पण आईनं तिला आत ओढलं होतं, दार लागलं होतं, बस हलली होती. काचेच्या आडून ती हातवारे करत होती. मी काय केलं असेल? एकसष्ट वर्षांची बाई, डोळ्यांनी अर्धी आंधळी, बसच्या मागं धावले! पत्र्यावर मुठी आपटत ओरडले, "मसणात! जा मसणात!"

चालकानं करकचून ब्रेक मारला आणि दार उघडलं. "आजी, मी काय घोडं मारलंय तुमचं?"

"तुला नाही रे, हिला!" मी धापा टाकत म्हटलं. ग्लाशा पायरीवर आली होती. मी तिच्याकडे बोट दाखवून, चांगलं खणखणीत म्हटलं, "जा मसणात!"

"आता ठीक," ती म्हणाली. मग खाली वाकली. नाक लाल, कान लाल. "मावशी, ही काही तुमची खोली नाही ना?"

"नाही. का गं?"

"धन्यवाद," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासूनचे सगळे."

मी चालकाला म्हटलं, "चल बाबा, हाक गाडी. पोरीला उशीर होतोय."