हाताने शिवून देऊ

शाळेच्या ग्रंथालयाने जुनी पुस्तकं शिवून घेणं बंद केलं आणि बाइंडरबाईंच्या हातातलं निम्मं काम गेलं. गल्लीतली पाटी वाचून कितीजण येणार? म्हणून बाईंनी वेबसाइट करायचं मनावर घेतलं. करून देणारे पुष्कळ होते; पण आपलं दुकान आपल्याइतकं कोणाला ठाऊक, असं म्हणून त्या स्वतःच दुकानातल्या कॉम्प्युटरसमोर बसल्या.

सगळ्यात जास्त वेळ एका चौकटीने खाल्ला. 'तुमच्या कामाचं एका वाक्यात वर्णन करा.' बाईंनी दोन दिवस पेन चावलं. 'पुस्तकबांधणी' त्यांना फारच रुक्ष वाटलं. शेवटी लिहिलं, 'जुनं, फाटलेलं, सुटं झालेलं आणा. हाताने शिवून देऊ.' वर मोठा फोटो लावला. लोखंडी यंत्रात दाबलेली सात पुस्तकं, शेजारी दोऱ्याचं रीळ. फोटो इतका झकास आला होता की खाली आणखी काही खरडणं त्यांना आगाऊपणाचं वाटलं.

पंधरा दिवस फोन वाजला नाही. मग एका सकाळी वाजला.

"जीन्स करता का?"

"काय?"

"गुडघ्यावर फाटलीये. हाताने करता ना?"

चुकीचा नंबर, असं सांगून बाईंनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी कोणीतरी पडद्यांना अस्तर लावाल का म्हणून विचारलं. तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ खांद्यावर तंबू घेऊन थेट दुकानातच आले. पुठ्ठ्यांच्या थप्प्या आणि खळीचं भांडं बघून दारातच थबकले.

"शिवणकाम इथेच ना?"

"इथेच," बाई म्हणाल्या आणि स्वतःच्याच उत्तराने गोंधळल्या. शिवत तर त्या होत्याच.

गृहस्थांनी तंबू टेबलावर टाकला. टेबल दिसेनासं झालं.

"अहो, मी पुस्तकं शिवते."

"मग तसं लिहायचं ना," असं पुटपुटत त्यांनी तंबू उचलला आणि गेले.

बाईंनी लगेच साइट उघडली. सातही पुस्तकं ठसठशीत दिसत होती. एवढी पुस्तकं समोर असताना माणसं तंबू का आणतात, हे काही केल्या उमगेना. आपलं चुकतंय की लोक नुसतं वरवर बघतात? बराच विचार करून त्यांनी नवा फोटो काढला, आधीपेक्षा दुप्पट मोठा, बारा पुस्तकांचा. त्या आठवड्यात दोन पिशव्या आणि एक रेनकोट आला. बाईंनी हात टेकले.

रविवारी धाकटी नणंद आली. ती दवाखान्यात नर्स होती.

"वहिनी, तू कपडे कधीपासून घ्यायला लागलीस? आमच्याकडची एकजण युनिफॉर्मचं विचारत होती."

"आता तूही?" बाई खुर्चीत बसल्या. "कुठे लिहिलंय कपडे?"

नणंदेने आपला फोन पुढे केला. वर मोठी पांढरी चौकट, खाली ते वाक्य. पुस्तकं नव्हतीच. बाईंचा स्वतःचा फोन बटणांचा. साइट त्यांनी दुकानातल्या कॉम्प्युटरखेरीज कुठे पाहिलेलीच नव्हती.

"फोटो जड असणार, फोनवर येतच नाहीये," नणंद म्हणाली.

"मी तर तो आणखी मोठा केला," बाईंनी जीभ चावली. "पण वाक्य तरी नीट वाचायचं."

"वाक्यात पुस्तक कुठाय, वहिनी?"

बाईंनी ते तीनदा वाचलं. खरंच नव्हतं. रोज सकाळपासून हातात पुस्तकच असायचं, त्यामुळे ते लिहायचं राहिलंय हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

नणंदेने फोटो हलका करून दिला. बाईंनी अगदी वर, ठळक लिहिलं, 'जुनी पुस्तकं शिवून मिळतील.' जीन्सचे फोन थांबले. सुरुवातीला सगळेच थांबले, आणि बाई पुन्हा चक्रावल्या. मग एक निवृत्त मास्तर पाठ निखळलेला शब्दकोश घेऊन आले.

"साइटवर पाहून आलो. पण किती दिवस लागतात ते कळलं नाही. दुपारी बंद असता का, तेही नाही. मूळचा पुठ्ठा ठेवता की फेकता?"

हे सगळं विचारावं लागतं, याचंच बाईंना नवल वाटलं. त्यांनी शब्दकोश बाजूला ठेवला, मास्तरांना खुर्ची दिली आणि कागद ओढला.

"बसा," त्या म्हणाल्या. "आणखी काय काय कळलं नाही, ते सावकाश सांगा."

मास्तर पाऊण तास बोलले.