मधे गुलाबी

एकोणीसशे एक्क्याऐंशी साली, थंडी सरता सरता, माझे सासरे तव्यापाशी शेवटचे उभे राहिले. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. त्या दिवशी काय झालं ते जाणणारी आता मी एकटीच उरले आहे.

मामंजी चौतीस वर्षं एका खाणावळीत बीफचे बर्गर भाजत. सगळे त्यांना वस्ताद म्हणत. टिक्की एकदाच उलटायची, अंगठ्याने दाबून बघायची आणि मधे गुलाबी असतानाच उतरवायची, ही त्यांची ख्याती. कुणी जास्त भाजून मागितलं तर म्हणत, "चपलांचं दुकान पलीकडे आहे."

मग हृदयाचा झटका आला. डॉक्टरांनी बीफ बंद केलं, टर्की पक्ष्याचं मांस चालेल म्हणाले. मामंजींनी जेवणच टाकलं. दोन महिन्यांत अंगातला सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसू लागला. "पोटात काही गेलं नाही तर ते फार दिवस काढणार नाहीत," असं डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं. त्यांना जेववायचं काम माझ्याकडे आलं.

एका सकाळी मी टर्कीचा ताजा खिमा आणला. पहिल्या टिक्क्या तव्यावरच विस्कटल्या. मग कांदा किसून घातला, दुधात भिजवलेला पाव कुस्करला, चमचाभर तेल घातलं. आता त्या धरल्या. मी चांगल्या पांढऱ्या होईस्तोवर भाजल्या.

मामंजींनी एक घास घेऊन ताट सारलं. "पोरी, हा पक्षी एकदा मेलाच होता. तू त्याला पुन्हा मारलंस."

"मग या ना तुम्हीच तव्यापाशी!" मी चिडून म्हणाले.

"अगं, त्यांना उभं तरी राहवतंय का?" सासूबाई म्हणाल्या.

पण ते उठले. खिळ्यावरचा जुना एप्रन बांधला. दोरीचा एक वेढा जास्त बसला. उरलेल्या खिम्याच्या चार टिक्क्या थापल्या, एकदाच उलटल्या, अंगठ्याने दाबल्या. "हं. वाढा."

मी माझी मोडून पाहिली. आत गुलाबी आणि ओलसर. माझ्या आईने कोंबड्या पाळल्या होत्या. पाखराचं मांस हाडापर्यंत पांढरं झाल्याशिवाय ती कुणाला हात लावू देत नसे. मी बोलायला तोंड उघडलं. मामंजी खात होते. हनुवटीवर रस ओघळत होता.

"काय हे, लहान पोरासारखे बरबटलात!" सासूबाई हसत होत्या. आमचे हेही हसले. मामंजींनी दुसरा पाव मागितला.

मी तोंड मिटलं. माझी टिक्की मात्र परत तव्यावर टाकली.

"हिला कोळसाच लागतो!" मामंजी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी ते तिघेही ताप आणि जुलाबांनी आडवे झाले. हे चार दिवसांत सावरले, सासूबाईंना आठवडा लागला. मामंजींना इस्पितळात न्यावं लागलं. मांस कच्चं राहिलं होतं का, असं तिथल्या डॉक्टरांनी विचारलं. मामंजींनी डोळे उघडले.

"माझ्या हातचं खाऊन चौतीस वर्षांत कुणी आजारी पडलं नाही," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले.

"खिमा शिळा होता," मी म्हणाले. "मीच दोन दिवस तसाच ठेवला होता."

"तरीच," ते म्हणाले आणि डोळे मिटले. इस्पितळातल्या चौथ्या दिवशी गेले.

त्यानंतर सासूबाईंनी माझ्या हातचं कधी खाल्लं नाही. अकरा वर्षं वेगळ्या शेगडीवर स्वतःपुरतं रांधलं. शेवटच्या आजारपणात मी त्यांना पाणी पाजत होते, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"शिळा असता तर तुलाही बाधला असता ना गं?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"तुझी तेवढी परत तव्यावर टाकलीस. म्हणजे तुला दिसलं होतं."

मग त्यांनी मनगट सोडलं. दोन दिवसांनी गेल्या. आमचे हे पुढची कितीतरी वर्षं मांसाची पुडी घरात आली की आधी हुंगून बघत, आणि मी बघू देई. तेही सहा वर्षांपूर्वी गेले. त्यांना मी खरं सांगितलं नाही. एप्रन ट्रंकेत आहे. माझं सगळं ठीक आहे. दात गेलेत, त्यामुळे डॉक्टर मऊ खा म्हणतात, पण मला अजून करपवल्याशिवाय घास उतरत नाही.