टोप धाकट्याचा, झाकण थोरल्याचं

मी टोप बोलतोय. डोक्यावर घालायचा टोप नव्हे, चुलीवर चढवायचा. बिडाचा, काळाकुट्ट, सहा किलो वजनाचा. झाकण धरलं तर आठ. आणि झाकण धरायलाच हवं, कारण माझ्या आयुष्यात जे काही रामायण घडलं ते त्या झाकणापायी.

आम्ही दोघं एकाच दिवशी एकाच भट्टीतल्या लोखंडातून ओतले गेलो. वाळूच्या साच्यातून काढून घासल्यावर कारागिराने झाकण माझ्यावर ठेवलं, गोल फिरवलं आणि शेजारच्याला म्हणाला, "बघ, आता वाफसुद्धा विचारल्याशिवाय बाहेर पडायची नाही." एवढं कौतुक मला पुढे कुणी केलं नाही.

मला विकत घेतलं एका नर्सबाईंनी. त्यांना तीन मुलं. सगळ्यांत मोठी आक्का, मग थोरला, मग धाकटा. बाईंनी माझ्यात काय काय रांधलं ते सांगत बसत नाही, पण मुलांनी माझं काय केलं ते सांगतो. थोरला माझं झाकण हातात धरून मोटार चालवायचा आणि धाकटा माझ्यात बूड टेकवून प्रवासी व्हायचा. एकदा हा प्रवासी अडकला. आक्काने तेल ओतून त्याला बाहेर काढलं, तेव्हा थोरला म्हणाला, "तिकीट काढलं नव्हतं ना, म्हणून."

मुलं मोठी झाली. आक्का एका मालवाहू जहाजावर मुख्य आचारी झाली आणि वर्षानुवर्षं पाण्यावर राहू लागली. थोरल्याने मोटार शिकवायची शाळा काढली. धाकट्याने चष्म्यांचं दुकान टाकलं. मी बाईंजवळ राहिलो, त्या गेल्या तोपर्यंत.

घर रिकामं करायला दोघं भाऊ आले. आक्का तेव्हा भर समुद्रात होती. कपाट, पलंग, शिवणयंत्र, सगळं "तू ने, तू ने" करत गुण्यागोविंदाने वाटलं गेलं. शेवटी ओट्यावर मी उरलो, आणि दोघंही एकदम म्हणाले, "हा मात्र माझा."

मग जे भांडण झालं ते काय वर्णावं! कुणी मला जास्त वेळा घासलं, कुणी माझ्यात जास्त वेळा जेवण करपवलं, सगळं निघालं. अखेर थोरल्याने झाकण उचललं.

"ठेव तुझा टोप. मी झाकण नेतो. झाला न्याय!"

"ने! खुशाल ने!"

तो गेला. मी खिडकीतून पाहिलं. त्याने झाकण शेजारच्या सीटवर ठेवलं, त्याला पट्टा बांधला आणि गाडी चालू केली.

तीन वर्षं दोघं बोलले नाहीत. धाकट्याच्या घरी मी आ वासून बसलो. कधी माझ्यावर ताट ठेवत, कधी पाट. धाकट्याची बायको बालवाडीत शिकवायची. तिच्या मनात आलं की ती माझ्यात कांदे-बटाटे टाकायची. पण आक्काला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिचा फोन आला की धाकटा म्हणायचा, "दादा ना? आत्ताच तर गेला इथून." तिकडे थोरलाही हेच सांगत असणार.

आणि एके दिवशी आक्काचं पार्सल आलं. आत वाळलेल्या मिरच्या, तीन जातींच्या. एक काळपट आणि सुरकुतलेली, मनुक्यासारखा वास येणारी. दुसरी लांब, लाल, गुळगुळीत. तिसरी करंगळीच्या पेराएवढी, पण तिच्याकडे नुसतं बघूनच धाकट्याला शिंक आली. सोबत चिठ्ठी: "मेक्सिकोच्या बंदरात एका बाईकडून शिकले. रविवारी जहाज तुमच्या धक्क्याला लागतंय. चार वर्षांनी येतेय, आणि हातात एकच दुपार आहे. मला आयतं जेवायचंय. डुकराचं मांस, फळं आणि या मिरच्या, आईच्या टोपात, चार तास मंद आचेवर, झाकण घट्ट लावून. दोघं मिळून करा."

'झाकण घट्ट लावून' हे शब्द धाकट्याने तीनदा वाचले.

गुरुवारी त्याने एकट्याने तालीम केली. माझ्यावर ताट, ताटावर इस्त्री. वाफ चारही बाजूंनी पळाली, रस आटला, आणि दोन तासांत आतलं मांस असं झालं की त्याची चप्पल शिवता आली असती. बायकोने एक घास चावून पाहिला. बराच वेळ चावला.

"पाठवा भावोजींना निरोप," ती तोंडातलं न गिळताच म्हणाली.

धाकट्याने फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. शेवटी लिहिलं: "झाकण हवं आहे. चार तासांसाठी."

उत्तर आलं: "झाकण एकटं कुठे जात नाही."

रविवारी सकाळी आठला थोरला दारात उभा, झाकण पोटाशी धरून. तो सरळ स्वयंपाकघरात आला, त्याने झाकण माझ्या शेजारी ठेवलं आणि स्टूल ओढून पहाऱ्याला बसला. मी झाकणाला हळूच विचारलं, "कसं काय?"

"काय सांगू," ते म्हणालं, "तीन वर्षं लायसनच्या अर्जांवर वजन म्हणून बसले होते. वाऱ्याची भीती गेली माझी."

कामाला सुरुवात झाली. धाकटा मांसाचे मोठे तुकडे माझ्यात लालसर परतू लागला. पण बोलणं मात्र वहिनीमार्फत, म्हणजे धाकट्याच्या बायकोमार्फत.

"टोपवाल्यांना सांगा, आच मोठी आहे," थोरला म्हणाला.

"झाकणवाल्यांना सांगा, आच माझी आहे."

"त्यांना म्हणावं, चढावर पहिला गिअर टाकतात. मग दुसरा."

"मी बालवाडीत असते तर दोघांना कोपऱ्यात उभं केलं असतं," वहिनी म्हणाली आणि कांदा चिरू लागली.

मग मिरच्या भाजायची वेळ आली. चिठ्ठीच्या मागे कृती लिहिली होती, 'तव्यावर नुसत्या शेकवा, जाळू नका.' धाकट्याने तिन्ही जाती एकदमच टाकल्या. वर तो चष्मा पुसायला वळला. तेवढ्यात त्या करंगळीच्या पेराएवढीने पेट घेतला आणि असा धूर उठला की तिघं एकदम खोकू लागली. डोळ्यांतून धारा. वहिनी हातात सुरी घेऊनच अंगणात धावली. थोरल्याचा उजवा पाय जमिनीवर नसलेला ब्रेक दाबत होता.

"खिडकी उघड, गाढवा!" तो ओरडला.

"तूच उघड ना, दादा! मला दिसत नाहीये!"

"चष्मेवाला आणि दिसत नाही?"

खिडकी उघडली. धूर निवळला. दोघं ओट्याला टेकून उभे होते, नाकं लाल, गालांवर पाणी. मग थोरल्याने खिशातून रुमाल काढला, स्वतःचं नाक पुसलं आणि तोच रुमाल पुढे केला. धाकट्याने तो घेतला. शी! पण घेतला.

"जळलेल्या फेकून दे. बाकीच्या गरम पाण्यात भिजव," थोरला म्हणाला. यावेळी वहिनीमार्फत नव्हे.

मिरच्या मऊ झाल्या. त्या लसूण, कांदा, दालचिनी आणि संत्र्याच्या रसाबरोबर वाटल्या. ते गडद लाल वाटण माझ्यात पडलं, वर अननसाच्या फोडी, मूठभर जर्दाळू आणि थोडा व्हिनेगर. मग थोरल्याने झाकण दोन्ही हातांनी उचललं, माझ्यावर ठेवलं आणि गोल फिरवलं. खट्. ते नीट बसल्याचा आवाज मी तीन वर्षांनी ऐकला. मला भरून आलं. अर्थात, तीन किलो मांसही होतंच.

चार तास मी आत गुपचूप खदखदत होतो. बाहेर गप्पांत आई निघाली, शाळा निघाली, थोरल्याची एक विद्यार्थिनी निघाली जिने परीक्षेत परीक्षकालाच बागेत नेऊन सोडलं होतं. मध्ये दोनदा धाकट्याने झाकण उचलायला हात घातला आणि दोनदा थोरल्याने त्यावर चमचा मारला.

एकच्या सुमाराला आक्का आली. उन्हाने रापलेली, आवाज भोंग्यासारखा. तिने दोघांना एकदमच कवेत घेतलं आणि तडक माझ्यापाशी आली. झाकण उघडलं. वाफेबरोबर असा गोड, तिखट, आंबूस वास सुटला की ती डोळे मिटून उभी राहिली. दोन काट्यांनी तिने मांस ओढलं. त्याच्या तारा तारा सुटल्या. मक्याच्या पातळ रोटीत घालून तिने पहिला घास घेतला.

"जमलंय रे," ती म्हणाली. मग तिची नजर ओट्यावर उलट्या ठेवलेल्या झाकणावर गेली. आतल्या बाजूला खिळ्याने कोरलं होतं: 'थोरल्याचं.'

"हे काय?"

दोघे भाऊ एकदम आपापल्या रोट्यांत गुंतले. शेवटी वहिनीनेच सगळं सांगून टाकलं: भांडण, पट्टा, इस्त्री.

मला वाटलं, आता आक्का रडणार. पण तिला इतकं जोरात हसू आलं की अननसाची फोड उडून धाकट्याच्या चष्म्यावर बसली. हसता हसताच तिचा आवाज बदलला.

"मी जहाजावर बावीस माणसांना जेवू घालते. निम्म्यांना एकमेकांची भाषा येत नाही, तरी कुणी टोपाची अशी फाळणी केली नाही. आणि मी मेली समुद्रावर बसून खुशाल समजत होते की तुम्ही एकमेकांना आहात."

थोरला रोटीकडे बघत म्हणाला, "चुकलं आक्का."

"माझंही," धाकटा म्हणाला.

"मला काय सांगता? एकमेकांना सांगा."

सांगितलं त्यांनी. तोंडात घास होता, त्यामुळे शब्द कळले नाहीत, पण कळायचं ते कळलं. संध्याकाळी आक्का बोटीवर परत गेली. जाताना हुकूम सोडून गेली: टोप आणि झाकण एकत्र राहणार, एक महिना इकडे, एक महिना तिकडे, आणि ज्याच्याकडे असेल त्याने दुसऱ्याला जेवायला बोलवायचं.

सध्या मी थोरल्याच्या घरी आहे. बूड थोडं काळवंडलंय, एक कान तडकलाय, पण माझी तक्रार नाही. तुम्हाला एकच विनंती: वाटणी करायचीच असेल तर चमचे वाटा, वाट्या वाटा, त्या मुळात सुट्याच असतात. आमच्यासारख्यांना मात्र जोडीने राहू द्या.

बरं, आता रजा द्या. थोरल्याने आज पहिल्यांदाच स्वतः तवा तापत ठेवलाय आणि तिन्ही मिरच्या एकदम हातात घेतल्यात. त्याने धाकट्याला फोन लावलाय.

"अरे, ही छोटी आधी टाकायची की नंतर?"

"दादा, हात लावू नकोस तिला! गॅस बंद कर. मी आलोच!"