मास्तरांचा श्वास कुठे गेला?

मित्रांनो, मी एक जुनी फुंकणी आहे. चुलीपुढची नव्हे, काचेच्या कारखान्यातली. छातीएवढ्या उंचीची, लोखंडी आणि आतून पोकळ. माझे एक टोक भट्टीतल्या वितळलेल्या काचेत बुडवतात आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावून फुंकतात. मग त्या लालभडक गोळ्याची बरणी होते. आमच्याकडे एक दंडक आहे. एकाच्या फुंकणीला दुसऱ्याने तोंड लावायचे नाही. त्यामुळे वीस वर्षे मला फक्त मास्तरांचाच, म्हणजे आमच्या मुख्य कारागिरांचाच, श्वास ठाऊक होता.

आणि काय श्वास होता तो! एका दमात घागरीएवढी बरणी फुगवत. गिऱ्हाइकांनी कौतुक केले की मला पुसत म्हणत, "कमाल हिची आहे." मी आपली उगाच फुशारून जाई.

भट्टीपाशी घसा कोरडा पडतो. दारू घेतली की छातीतली काचेची धूळ धुऊन निघते, अशी कारागिरांची ठाम समजूत होती. मास्तर आधी सुट्टीच्या दिवशी छाती धूत, मग रोज संध्याकाळी, मग सकाळीही. मला मोठे कुतूहल वाटे. अन्नपाण्याची वाट वेगळी, श्वासाची वेगळी. मग प्यालेले छातीत पोहोचते तरी कसे?

हळूहळू बरण्या घागरीवरून तांब्यावर आल्या, तांब्यावरून पेल्यावर. मास्तरांचे हात काडीसारखे झाले, पोट मात्र नगाऱ्यासारखे वाढले. लोक म्हणत, "मास्तर, तब्येत सुधारली हं!" मी विचारात पडे. एवढ्या मोठ्या पोटाच्या माणसाकडे श्वास एवढासा कसा?

खापर फुटले माझ्या माथी. "फुंकणी चोंदलीय," मास्तर म्हणाले. माझ्यात तारा खुपसल्या, मला उकळत्या पाण्याने धुतले, उजेडाकडे धरून आरपार पाहिले. नाचता येईना अंगण वाकडे, असे म्हणायचा धीर मला झाला नाही, कारण एव्हाना माझीच मला शंका येऊ लागली होती. शेवटी मास्तर वैतागून म्हणाले, "भंगारात टाका हिला."

त्यांची थोरली लेक तिथेच बरण्यांचे काठ घासत होती. ती उठली. "बाबा, टाकायच्या आधी मला एकदा फुंकू द्या."

"दंडक माहीत नाही का तुला?"

"भंगाराला कसला दंडक?"

तिने मला काचेत बुडवले आणि फुंकले. गोळा फुगला, फुगतच गेला, घागरीएवढा झाला. सगळे कारागीर हातातले काम टाकून बघू लागले. मला आनंद व्हायला हवा होता, पण भीतीच वाटली. दोष माझ्यात नव्हता, तर मग कोणात होता?

लेक वडिलांकडे बघत राहिली. "बाबा, तुमचे डोळे पिवळे कधीपासून दिसताहेत?"

"भट्टीचा उजेड असेल."

"भट्टी तुमच्या पाठीमागे आहे, बाबा."

ती त्याच दिवशी त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. परतल्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले तिने कारागिरांना सांगितले. "दारू निस्तरायचं काम यकृताचं. ते करून करून बाबांच्या यकृतावर वण पडले, ते कडक झालं. म्हणून पोटात पाणी साठलंय. ते खालून रेटतं, मग फुप्फुसं फुगणार कुठे?"

"आणि धूळ?" एकाने हळूच विचारले.

"धूळ आहे तिथेच आहे. उलट दारूने छातीची राखण ढिली पडते. बाबांना दोनदा न्यूमोनिया उगाच झाला का?"

दारू एकदम घरी सोडणे धोक्याचे, म्हणून मास्तर दवाखान्यात राहिले. चार महिन्यांनी आले तेव्हा पोट उतरले होते. वण मात्र पुसले जात नाहीत. पुन्हा प्यायलात तर उरलेले यकृतही जाईल, असे त्यांना बजावले होते. त्यांनी मला फुंकले. पण आजारपणाने अंगात ताकद उरली नव्हती, लिंबाएवढाच गोळा झाला. तो त्यांनी बराच वेळ पाहिला आणि मला लेकीच्या हातात दिले. "आजपासून ही तुझी." मला फार वाईट वाटले.

मित्रांनो, मास्तरांचा श्वास आखूड होतोय हे सगळ्यांच्या आधी मला कळले होते. बरण्या लहान होऊ लागल्या त्या पहिल्याच वर्षी कळले होते. पण मी पडले लोखंड, सांगणार कशी? तुमच्या घरात कोणाला जिना चढताना दम लागत असेल, डोळे पिवळे दिसत असतील, आणि रोजचा पेला सुटत नसेल, तर गप्प राहू नका. तुम्हाला बोलता येते.