रेगच्या पुस्तकात थेल्मा

उत्तरेचा गरम वारा सुटला होता. तापलेल्या रानातली लाल माती उडून ओसरीवर थर चढला होता, आणि थेल्मा ती खराट्यानं नुसती झोडपत होती. आतल्या खोलीचं दार बंद होतं. दाराआड तिचा नवरा हसत होता.

रेगच्या फुफ्फुसांनी दगा दिला होता. डॉक्टरांनी हात टेकले; आता दुखणं तेवढं कमी ठेवायचं. नर्स रोज यायची, आणि दर गुरुवारी यायची ती रोझलिन. जाणाऱ्या माणसाची जन्मकथा त्याच्याच तोंडून टेप करायची, मग टाइप करून घरच्यांना पुस्तक बांधून द्यायचं, असलं काम फुकटात करणारी बाई. मेलबर्नच्या लेकीनं तिला धाडलेलं. पुण्यकर्म म्हणे.

थेल्माला पुण्य काही दिसेना. दिसायचा तो रोझलिनच्या गळ्यातला हिरवा रुमाल. जन्मभर हा माणूस गव्हाच्या पोत्यागत गप्प. जेवताना "मीठ" म्हणाला तरी लई बोलला. आणि आता धाप लागत असताना परक्या बाईपुढं धरण फुटलेलं!

रोझलिन पाणी न्यायला स्वयंपाकघरात आली.

"घसा कोरडा पडलाय त्यांचा."

"पडंल न्हाय तर काय! जीव जाईस्तवर बोलवतीस की."

"तुम्हीपण या ना आत, थेल्मा."

"मी कशाला? मी चुलीपाशीच बरी." थेल्मानं ग्लास आदळला. "एक सांग. माझं कुटवर आलंय?"

"त्यांच्या परवानगीशिवाय मला नाही सांगता येत."

"म्हंजे आलंच न्हाय."

रोझलिननं मान खाली घातली. तेवढ्यानं थेल्माच्या अंगाचा भडका उडाला. ग्लास उचलून ती तडक आत शिरली.

"काय सांगतुयास रं हिला इतकं खिदळून?"

रेग चोरी धरल्यागत बघत राहिला. "टिप्पीचं."

टिप्पी म्हणजे त्यांची मेंढरांमागं पळणारी कुत्री. तिला मातीआड होऊन जमाना झाला होता.

"कुत्रीचं?" थेल्माचा आवाज चिरकला. "पोरं काढली मी. दुष्काळात चाऱ्याविना मरणाऱ्या मेंढरांना तू बंदुकीनं गोळ्या घालत हुतास, तवा खड्ड्याच्या काठावर तुझ्यासंगं उभी ऱ्हायले मी. आन् पुस्तकात कुत्री?"

"तुझं सांगाय तू हाईस की," रेग धापा टाकत म्हणाला. "टिप्पीचं माझ्यामागं कोण सांगणार?"

थेल्माचा निम्मा राग तिथंच उतरला. निम्मा उतरेना.

"मी केलं ते मी सांगीन, रेग. तुला माझ्याबद्दल काय वाटलं, ते मी कुटनं आणू? ते तुझ्यासंगं मातीतच जायाचं की."

रेगनं रोझलिनकडं मान वळवली. मग म्हणाला, "दाब बटण, बाई."

रोझलिननं दाबलं.

"ही पयल्यांदा दिसली गावच्या नाचात. निळा झगा—"

"पिवळा!"

"निळाच."

"पिवळा! माझ्या आयनं शिवलेला. निळा त्या मॉरीनचा. तिच्यासंगं नाचलास की आधी!"

रेगच्या सुकलेल्या ओठांवर हसू फुटलं. "ऱ्हाऊ दे, पिवळा. मॉरीनसंगं नाचत हुतो, आन् ही कोपऱ्यातनं डोळ्यानं भाजत हुती मला. तवाच वाटलं, माझ्यासाठी येवढं जळणारं दुसरं कोण भेटायचं न्हाय. मॉरीनचा हात सोडला, तो आजवर हिच्याबिगर कुणाचा धरला न्हाय."

थेल्मानं खुर्ची ओढली ती बरोबर खाटेच्या आणि रोझलिनच्या मधोमध.

"जरा म्हागं सर," ती रोझलिनला म्हणाली. "आन् ते यंत्र हिकडं धर. ह्यो चुकला की मी हाय."

त्यानंतर दोनच गुरुवार मिळाले. दार उघडंच राहिलं, भांडणं मात्र भरपूर झाली, आणि रोझलिननं ती सगळी टेप केली. थंडी पडायच्या आत रेग गेला.

पुस्तक आलं. टिप्पीचं लांबलचक, थेल्माचं थोडकं. तिनं ते एका बैठकीत वाचलं आणि पदरी पडलं तेवढं मोजून खूप रडली. मग तोंड धुतलं, चांगला कोट चढवला आणि गाडी काढून गावात गेली. मॉरीन अजून हयात होती, चर्चमागच्या घरात एकटी राहायची.

थेल्मानं तिच्याकडं चहा घेतला, आणि नाचाचं ते पान तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. दोनदा. मॉरीनला कमी ऐकू यायचं ना.