उंबरातला भुंगा

तात्यारावांनी कुऱ्हाडीला धार लावली ती दारातल्या आंब्याकडून तोंड फिरवूनच. त्याच्या खोडातून चार दिवस भुसा गळत होता, एक फांदी वाळली होती.

"आतून पोकळ झालंय. घरावर पडंल. दुपारून पाडू."

त्यांची सून माधवी लगबगीनं खोडापाशी आली. तिचं सात महिन्यांचं लेकरू झोपायचं ते त्याच आंब्याला बांधलेल्या झोळीत. आतल्या पाळण्यात ठेवलं की सारी गल्ली जागी.

"मामा, आधी मला बघू द्या."

"बघ बाई. परभणीला चार वर्षं शेतकी शिकलीस, आंब्याचीबी परीक्षा घे."

माधवीनं सायकलची तार वाकवून भोकात घातली आणि अंगठ्याएवढी पांढरी, बिनपायाची अळी ओढून काढली.

"अगं बया!" सासू तानुबाई मागं सरकल्या. "हे तर आमच्या हरिओमवानी. खायचं आन् लोळायचं."

ओट्यावर मोबाइल बघत बसलेला हरिओम, माधवीचा नवरा, हसला.

"भिरूड हाय हे," माधवी म्हणाली. "लांब मिशांचा भुंगा सालीत अंडी घालतो, मग पिल्लू वर्षभर लाकूड कुरतडत बसतं. पण आपल्या दारात आलं कुठून?"

आंब्याला टेकून उंबराचा ओंडका होता. दोन वर्षांमागं वादळात पडलेला. दत्ताचं झाड चुलीत कसं घालायचं, म्हणून तात्यारावांनी तो तिथं ठेवला. तानुबाई गुरुवारी हळदकुंकू वाहायच्या. माधवीनं त्याची साल उचकटली. आत बोटभर रुंद भोकं, आणि एका भोकातून अंगापेक्षा लांब मिशा हलवत राखी भुंगा बाहेर आला.

"गेल्या पावसाळ्यात ह्यातूनच निघाले असतील. समोर आंबा आयताच."

"म्हंजे मीच पाहुणे आणले?" तात्याराव स्वतःच्या मिशीवर हात फिरवत पुटपुटले.

"पाहुणे कसले मामा? तुमी घरजावई करून ठेवले."

"किड्याला बरी अक्कल!" तानुबाई म्हणाल्या. "कुठं बसलं की कोनी जाळत न्हाई, बरोबर कळालं."

"आत्याबाई, होमात उंबराच्या समिधा चालतात की. दत्ताचं दत्तालाच."

तात्यारावांनी झोळीकडं पाहिलं. मग माधवीकडं. "भोकं बुजतील?"

"पेट्रोलचा बोळा घालते, वरून चिखल लिंपते. जगंल आंबा."

त्यांनी कुऱ्हाड उचलली, ओंडका खांद्यावर घेतला आणि लेकराची झोप मोडू नये म्हणून विहिरीपलीकडं फोडायला निघाले.

"येताना धोतर झटकून या," तानुबाई दबक्या आवाजात म्हणाल्या.