चहाच्या गाळणीतली मस्कादे

मित्रांनो, मी एक जुनी, हिरवी, रिकामी बाटली आहे आणि मला भयंकर राग आलेला आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे मध्येच कुणी 'अगं, हळू' म्हणायला नको.

माझा जन्म फ्रान्समधला. लोआर नदी समुद्राला मिळते त्या भागात मस्कादे नावाची पांढरी वाइन करतात. तीच माझ्या पोटात होती. आमच्या द्राक्षाला ना भडक वास, ना भडक गोडी. म्हणून तिथले लोक घाई करत नाहीत. हिवाळाभर वाइनला तिच्याच गाळावर निजू देतात. मग कुठे तिला अंग येतं. आधी कैरीच्या सालीसारखं आंबट, मग ओल्या दगडाचा वास, आणि अगदी शेवटी जिभेवर किंचित मीठ. इतकं सगळं असून दुकानात मी कुठे? खालच्या फळीवर, गिऱ्हाइकाच्या गुडघ्यापाशी! वरची फळी नाववाल्या बाटल्यांची.

सुरतेला मला मगनशेठनी आणलं. शेठ हिऱ्यांचे व्यापारी. गुजरातेत दारूबंदी, पण त्यांच्याकडे दारूचा परवाना होता, आणि भेट द्यायला एक स्वस्तातली बाटली हवी होती. भेट राहून गेली. आठ महिने मी फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे पडून होते. थंडीनं माझ्या तळाशी बारीक, चकचकीत खडे धरले. पांढऱ्या वाइनमध्ये धरतात ते. आंबट क्षार असतो, दुसरं काही नाही.

एका रविवारी शेठकडे पोंकाचं जेवण होतं. कोवळ्या ज्वारीचे भाजलेले हिरवे दाणे, लिंबाची शेव. तेव्हा मला उघडलं. एका पाहुण्यानं पहिलं काय केलं असेल? मोबाइलवर माझी किंमत बघितली!

"मगनभाई, आ तो सस्ती निकळी!"

झालं. ग्लासात बर्फ पडला. बर्फावर सोडा. माझं डोकंच फिरलं.

बूच परत लावायला मला मंगलाबाईंकडे दिलं. मंगलाबाई मूळच्या खानदेशातल्या, आता सुरतेच्या कडेला कोसाडला राहतात. नऊ वर्षं त्या घरात स्वयंपाक करत होत्या. वरणात मीठ पडलंय की नाही, हे वाफेवरून सांगायच्या. त्यांनी माझ्या तोंडाशी नाक नेलं आणि थांबल्या.

"शेठ, इसमें बरफ मत डालो. सादी पिओ, पोंक के साथ."

"अरे वाह!" पाहुणा म्हणाला. "रसोईवाळी फ्रान्स जई आवी!"

सगळे हसले. मंगलाबाई नाही हसल्या. मीही नाही.

सोमवारी दुपारी शेठनी जेवणाच्या टेबलावर हिऱ्यांची पुडी उघडली. काही बारीक हिरे सापडेनात. ते तडक स्वयंपाकघरात आले, डबे उपसले, फ्रिज उघडला. उजेड माझ्या तळावर पडला आणि खडे लखलखले.

"मंगलाबेन, आ शुं छे? मेरे हीरे बोतल में?"

"मैंने हात नहीं लगाया, शेठ."

"पुलिस को बोलना ये!"

आणि मित्रांनो, त्यांनी मला चहाच्या गाळणीवर उलटं केलं. सिंकमध्ये! हिवाळाभर निजवलेली ती वाइन भळाभळा मोरीत गेली. एकानंही नीट घोट घेतला नव्हता. गाळणीत खडे उरले. शेठच्या खिशात भिंग होतं. ते काढायचंसुद्धा त्यांना सुचलं नाही.

मंगलाबाईंनी एक खडा उचलला आणि तोंडात टाकला.

"थूंक! हीरा गळी गई!" शेठ किंचाळले.

मंगलाबाईंनी तो कुडुम् करून चावला. "माय वं! चिंचच की ही." मग गाळणी शेठपुढे धरली. "हीरा है ना? चबाओ."

शेठनी एक खडा जिभेवर ठेवला. तोंड वाकडं झालं. खडा विरघळला. शेठनी मला पहिल्यांदा नीट चाखलं, तेही चोर शोधताना!

हिरे पुडीच्याच आतल्या निळ्या कागदाच्या घडीत निघाले. शेठ म्हणाले, "चालो, मळी गया. चाय मूको."

"पहले माफी बोलो."

"अरे, भूल थाय माणसथी."

मंगलाबाईंनी गाळणी ओट्यावर ठेवली. मला उचललं, चपला घातल्या. "चाय आप बनाओ. गाळणी धुवून घ्या आधी."

आता त्या सुरतेबाहेर कामरेजला एका खाणावळीत रांधतात. तिथे आमटी बिघडली की मालकीण आधी त्यांना चाखायला बोलावते.

मित्रांनो, बाटली असो की माणूस, आधी नीट चाखा, समजून घ्या, आणि मग हवं तर नाकं मुरडा. एवढं तरी कराल?

त्या दिवशी कोसाडला पोचल्यावर मंगलाबाईंनी मला तळहातावर उलटं धरलं. दोन थेंब पडले. त्यांनी डोळे मिटून ते चाटले.

"मीठ आहे गं शेवटी," त्या मला म्हणाल्या.

होतंच!